भाड्याने द्यायच्या घराची दुरुस्ती शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. भाड्याने द्यायला पहिलंच घर घेतलंय आणि हातात कधी पाना धरलेला नाही. सुरुवात कुठून करू?

बंद करण्यापासून. पाण्याचा मेन कॉक, बेसिन-कमोडखालचे अँगल कॉक, विजेचा मेन स्विच आणि असेल तर गॅसचा व्हॉल्व्ह, हे सगळं घर ताब्यात आल्याच्या दिवशी स्वतःच्या हाताने बंद करून आणि उघडून पाहा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक अडकतो. तिथे जोर लावू नका, स्पिंडल (मुठीखालचा फिरणारा दांडा) तुटतो. थोडा बंद, थोडा उघडा असं मागेपुढे करत सोडवा. दांड्यावरून पाणी झिरपायला लागलं तर त्याच्या मुळाशी असलेला ग्लँड नट पाव वेढा आवळा. तरीही पाणी पूर्ण थांबत नसेल, तर भाडेकरू येण्याआधी तो कॉक बदलून घ्या. बंद होणारा मेन कॉक नसेल तर पुढच्या उत्तरांतली पाण्याची कामं करताच येणार नाहीत.

मग विजेच्या बोर्डाकडे वळा. एकेक एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा छोटा स्विच) पाडायचा, कुठल्या खोलीतले दिवे आणि प्लग गेले ते बघायचं आणि त्यावर नावाची पट्टी चिकटवायची.

त्यानंतर शिकायचा क्रम असा ठेवा: नळ, फ्लश टँक, तुंबलेला ट्रॅप (बेसिन-मोरीखालचा, वास अडवायला पाणी धरून ठेवणारा भाग), सिलिकॉन, भिंतीतली भोकं आणि रंग, दार आणि कुलूप. भाडेकरूंच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात. फरशी बसवणं, गिलावा, नवीन वायरिंग यांच्या मागे पहिल्या वर्षी लागूच नका. मालकाचे जास्त पैसे वाचतात ते दोष नेमका कुठे आहे हे ओळखता आल्याने. हाताचं कसब त्यानंतर येतं. म्हणून खाली ओल आणि गळती शोधण्यावर (प्रश्न ९ आणि २०) जास्त जागा दिली आहे.

२. कोणती हत्यारं आधी घ्यायची? दुकानातला तयार संच घेऊ का?

तयार संचात पन्नास नग असतात, त्यातले दहाच वापरात येतात आणि तेही हलके निघतात. सुटी घ्या: दहा इंची ॲडजस्टेबल पाना, पक्कड, चपटा आणि फुली असे दोन-दोन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, पाच मीटरचा टेप, छोटी स्पिरिट लेव्हल, कटर, दोन इंची आणि सहा इंची पुट्टीची पट्टी, सिलिकॉनची गन, रबरी प्लंजर, मल्टिमीटर, डोक्याला बांधायचा टॉर्च. ड्रिल मशीन मात्र हॅमर असलेलं घ्या, साध्या ड्रिलने काँक्रीटमध्ये बिट जळतं.

याशिवाय एका डब्यात सुटे भाग साठवा: अर्धा इंची वॉशर आणि ओ-रिंग, टेफ्लॉन टेपची पाच रिळं, दोन फ्लेक्झिबल कनेक्शन पाइप, एक अँगल कॉक, फ्लशचा एक फिल व्हॉल्व्ह (टाकीत पाणी भरणारा), ६ आणि ८ मिमीच्या गिट्ट्या (भिंतीच्या भोकात स्क्रू धरणारे प्लग) आणि त्यांचे स्क्रू. रविवारी संध्याकाळी नळ फुटतो तेव्हा दुकान बंद असतं.

३. भाडेकरूच्या घरात प्रयोग करायची भीती वाटते. सराव कुठे करू?

टेबलावर. जुना नळ भंगारातून आणा आणि पाच वेळा पूर्ण उघडून परत जोडा. लाकडाच्या फळीवर एक स्विच आणि एक सॉकेट बसवा, तारा जोडा. वीज अजिबात द्यायची नाही. जुन्या पुठ्ठ्यावर सिलिकॉनच्या रेघा ओढा. पहिल्या तीन वेड्यावाकड्या येतील, त्या पुठ्ठ्यावर आलेल्या बऱ्या.

दुसरी शाळा म्हणजे कारागीर. प्लंबर आला की बाजूला उभं राहा आणि तीनच गोष्टी विचारा: बिघडलं काय, कशामुळे, आणि बदललेल्या भागाचं नाव-माप काय. जुना भाग मागून घ्या. दोन भाडेकरूंच्या मधला काळही सरावाला चांगला, पण त्याला भाव असतो: महिन्याचं भाडं भागिले तीस, ही रिकाम्या घराच्या एका दिवसाची किंमत. रंगारी तीन दिवसांत करतो ते काम तुम्ही बारा दिवस पुरवलंत, तर नऊ दिवसांचं भाडं मजुरीत धरा आणि मग ठरवा.

४. कुठलं काम स्वतः करायचं आणि कुठलं नाही, हे ठरवायचं कसं?

काम चुकलं तर काय होईल, हे आधी विचारा. वॉशर चुकीचा बसला तर नळ पुन्हा गळेल, एवढंच. भिंतीच्या आतला जोड चुकला तर खालच्या घराचं छत जाईल. भिंतीतल्या पाइपलाइन, गॅसचं काहीही, एमसीबीच्या बोर्डाच्या आतलं काम, छतावरचं किंवा उंचावरचं काम आणि भार पेलणाऱ्या भिंतीत तोडफोड या गोष्टी जाणकाराच्याच. पक्क्या वायरिंगला हात लावायला अनेक ठिकाणी परवानाधारक वायरमनच लागतो, आणि विनापरवाना कामानंतर अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. घर तुमचं असलं तरी राहतो दुसरा माणूस, त्यामुळे 'माझं मी बघून घेईन' हा हिशेब इथे लागू पडत नाही.

जुन्या घरात आणखी दोन गोष्टींना जपा. रंगाच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं, ते कोरडं घासून धूळ उडवू नका. ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापू नका, त्यांना भोकही पाडू नका.

५. नळाचा वॉशर बदलला, आठवड्यात पुन्हा थेंब-थेंब सुरू. चुकलं काय?

बहुतेक वेळा वॉशर निर्दोष असतो आणि तो ज्यावर टेकतो ती पितळी बैठक खराब झालेली असते. पाणी बंद करा, नळ उघडून दाब सोडा आणि बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, नाहीतर स्क्रू आत जातो. मुठीवरची टोपी काढून स्क्रू सोडवा. वरचा नट पान्याने उघडा, पान्याच्या जबड्यात कापड धरा म्हणजे क्रोम खरवडणार नाही. स्पिंडल बाहेर आला की टॉर्च लावून आत बघा, बोट फिरवा. कडेला खाच किंवा खरखरीतपणा लागला तर नवीन वॉशरही तिथेच कापला जाणार. बैठक घासायचं हत्यार मिळतं, पण नळ जुना असेल तर नळच बदलणं शहाणपणाचं.

पाव वेढ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसतो, सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं. ते अख्खं बदलावं लागतं. जुनं बरोबर घेऊन दुकानात जा, कारण लांबी, मुठीच्या बाजूचे दाते (२० आणि २४ हे दोन प्रकार नेहमी दिसतात) आणि उघडण्याची दिशा, तिन्ही जुळायला हवं. दिशा चुकली तर गरम नळ उलटा फिरतो.

पाणी तोटीतून न येता मुठीखालून येत असेल तर वॉशरला दोष देऊ नका, तिथली ओ-रिंग किंवा ग्लँडचं पॅकिंग गेलेलं असतं.

गळती किती गंभीर आहे हे भाडेकरूला किंवा स्वतःला पटवायचं असेल तर नळाखाली मापाचं भांडं दहा मिनिटं ठेवा आणि जमलेल्या पाण्याला १४४ ने गुणा. तो दिवसाचा आकडा.

६. टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळूनही जोड पाझरतो. का?

तीन कारणं. एक, टेप उलटी गुंडाळलेली असते. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. दोन, आवळून झाल्यावर नळ सरळ दिसावा म्हणून मागे फिरवलेला असतो. मागे फिरवला की जोड सुटला, पुन्हा पहिल्यापासून टेप लावा. तीन, वेढे कमी पडलेले असतात. अर्धा इंची आट्यांना पातळ टेपचे ८ ते १२ वेढे लागतात, जाड टेपचे ४-५ पुरतात. पहिला आटा मोकळा ठेवा म्हणजे बसवताना तिरका जात नाही.

प्लास्टिकच्या फिटिंगमध्ये पितळी नळ बेताने आवळा. जास्त जोर लावला की फिटिंगला केसाएवढी चीर जाते आणि ती महिन्याभराने भिंतीत ओल दाखवते. फ्लेक्झिबल पाइपच्या नटात रबरी वॉशर असतो, तिथे टेप लावायची गरजच नसते. तो नट हाताने घट्ट करून पान्याने पाव वेढा, बस.

७. फ्लश टँकमधून दिवसरात्र पाणी वाहतं. कुठला भाग बदलू?

आधी टाकीचं झाकण काढून पाण्याची पातळी बघा. पाणी ओव्हरफ्लोच्या उभ्या नळीत पडत असेल तर फिल व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही. फ्लोट खाली सरकवा, पातळी नळीच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे. खाली करूनही पाणी थांबत नसेल तर व्हॉल्व्हच्या आतल्या रबरात कचरा अडकला आहे किंवा ते झिजलं आहे.

पातळी ठीक असेल तर टाकीत रंगाचे चार थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की दोष तळाच्या फ्लश व्हॉल्व्हच्या रबराचा. काढून बघा, बऱ्याचदा त्यावर क्षाराचा थर असतो आणि पुसून तो पुन्हा नीट बसतो. रबर कडक झालं असेल तर बदला. भिंतीत लपवलेल्या टाकीतही हेच भाग असतात. बटणांची पट्टी काढली की हात आत जातो आणि पाणी बंद करायचा छोटा कॉकही तिथेच असतो.

ही गळती आवाज न करताही चालू राहते. भाडेकरूने पाण्याचं बिल वाढल्याची तक्रार केली की सगळ्यात आधी हीच चाचणी करा.

८. बेसिन तुंबतं, आणि घर रिकामं असलं की मोरीतून वास येतो. ॲसिड ओतू का?

नको. ॲसिड आणि ब्लीचसारखं क्लोरीनवालं द्रव्य पाइपात एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि भाडेकरूने आधी काय ओतलंय हे तुम्हाला ठाऊक नसतं. शिवाय ॲसिडने अडथळा सुटला नाही तर ट्रॅप उघडताना तेच हातावर येतं.

खाली बादली ठेवा, बॉटल ट्रॅपची वाटी हाताने फिरवून काढा, केस आणि साबणाचा गाळ काढा, रबरी रिंग परत जागेवर आहे ना ते पाहून बंद करा. पाच मिनिटांचं काम. प्लंजर वापरणार असाल तर बेसिनचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथून निघून जातो. एकच जागा तुंबली असेल तर अडथळा जवळ आहे. बेसिनचं पाणी सोडल्यावर मोरी भरत असेल तर तो पुढच्या सामायिक पाइपात आहे आणि तिथे पाच मीटरची स्प्रिंग लागते.

रिकाम्या घरातला वास म्हणजे ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. हेच पाणी गटाराचा वायू अडवतं. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. घर महिनाभर बंद राहणार असेल तर वर दोन चमचे तेल सोडा, पाणी लवकर उडत नाही.

९. भिंतीला ओल आलीय. प्लंबर म्हणतो पाइप, रंगारी म्हणतो बाहेरची भिंत, गवंडी म्हणतो बाथरूम फोडा. खरं कोणाचं?

जो तो आपल्या हत्याराचं बोलतो. फोडाफोडी सुरू करायच्या आधी पुढच्या चाचण्या स्वतः करा. त्यांना खर्च जवळपास नाही, वेळ मात्र लागतो.

आधी ओलीचं वागणं टिपा. वापर असो-नसो, ओल सतत सारखी राहत असेल तर संशय दाबाच्या पाइपावर (नळांना पाणी आणणारा, कायम भरलेला). कोणी अंघोळ केल्यावर वाढते आणि भाडेकरू गावाला गेला की सुकते, तर निचऱ्याचा पाइप किंवा फरशीचे सांधे. फक्त पावसात वाढते, तर बाहेरची भिंत, गच्ची किंवा खिडकीची कड. भिंतीच्या तळाशी सलग पट्टा असून वर्षभर राहतो, तर जमिनीतून वर चढणारी ओल. कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी आहे पण भिंत आतून कोरडी, तर ती खोलीतल्या बाष्पाची.

शेवटचं खात्रीने कळण्यासाठी ३० सेंटिमीटर चौरस ॲल्युमिनियम फॉइल भिंतीला लावून चारही कडा टेपने बंद करा आणि दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूला दव दिसलं तर खोली कोंदट आहे, पाइप नाही. भिंतीच्या बाजूला दिसलं तर ओल आतून येते.

दाबाच्या पाइपासाठी सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहा, दोन तास कोणी पाणी वापरायचं नाही. आकडा हलला तर गळती आहे. आता फ्लश टँकचा अँगल कॉक बंद करून हेच पुन्हा करा. आकडा थांबला तर भिंत सोडा, प्रश्न ७ कडे वळा. तरीही हलत असेल तर गिझरकडे जाणारा कॉक बंद करून बघा: थांबला तर दोष गरम पाण्याच्या बाजूला. अशा रीतीने एकेक फांदी वगळत गेलात की फोडायची जागा एका भिंतीपुरती उरते.

निचऱ्यासाठी बाथरूमच्या जाळीला बोळा घालून फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. चोवीस तासांत थोडी घट बाष्पामुळे होते, म्हणून शेजारी एका परातीतही तेवढंच पाणी ठेवा. फरशीवरची घट परातीपेक्षा जास्त असेल तर सांधे किंवा खालचा थर गळतो. घट नसेल, पण बोळा काढून पाणी सोडल्यावर ओल वाढली, तर ट्रॅपच्या खालचा पाइप.

सांध्यांचाच दोष निघाला तर जुनं ग्राउट (फरशांच्या सांध्यांतलं भरण) निदान फरशीच्या जाडीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत खरवडा आणि एपॉक्सी ग्राउट भरा. वरवर लेप देऊ नका, पोपडा निघतो. फरशीखालचा जलरोधक थर गेला असेल तर ग्राउट हा तात्पुरता उपाय आहे हे मात्र धरून चाला. सगळ्या चाचण्या कोऱ्या आल्या तर प्रश्न २०.

१०. ओल थांबली. आता रंग कधी लावू? मागच्या वेळी सहा महिन्यांत पोपडे आले.

कारण भिंत आतून ओलीच होती. गळती थांबल्यावर भिंत सुकायला आठवडे लागतात, जाड भिंतीला महिनेही. प्रश्न ९ मधली फॉइलची चाचणी कोरडी येईपर्यंत पुट्टीचा डबा उघडू नका. तोवर सैल रंग खरवडून ठेवा, म्हणजे भिंतीला श्वास मिळतो. पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत आत जातात. गिलावा हाताने चुरला जात असेल तर डागाच्या ३० सेंटिमीटर पलीकडपर्यंत काढून नवा करून घ्या. आतून 'वॉटरप्रूफ' रंग लावून ओल दाबायचा प्रयत्न केलात तर ती शेजारच्या भागातून बाहेर पडेल.

११. बेसिनच्या कडेचं सिलिकॉन दर वर्षी सुटतं किंवा काळं पडतं.

नवीन सिलिकॉन जुन्या सिलिकॉनवर चिकटत नाही. जुनं पूर्ण कापून काढा, स्पिरिटने पुसा आणि जागा अगदी कोरडी करा. भाडेकरू राहत असेल तर आदल्या रात्रीपासून तिथे पाणी वापरू नका म्हणून सांगा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, नोझल ४५ अंशात कापलेलं, एका दमात रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकच हात, आणि टेप लगेच काढायची. चोवीस तास पाणी नाही. २८० मिलिलिटरच्या नळकांड्यात ५ बाय ५ मिमीची रेघ सुमारे ११ मीटर होते.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवराला डाग पाडतं आणि धातूला गंज आणतं. तिथे न्यूट्रल प्रकार घ्या.

१२. स्विच किंवा सॉकेट मी स्वतः बदलू शकतो का?

तुमच्या भागातल्या नियमांना चालत असेल आणि मेन बंद करून तपासता येत असेल तरच. तपासणी तीन टप्प्यांची असते: मल्टिमीटर आधी चालू असलेल्या प्लगवर लावून तो नीट आकडा दाखवतो ना ते बघा, मग ज्यावर काम करायचंय तिथे, मग पुन्हा चालू प्लगवर. दिव्याच्या टेस्टरवर जीव ठेवू नका. जाड तळाच्या चपला, प्लास्टिकचं स्टूल किंवा भर उजेड असेल तर तो पेटलेला दिसत नाही.

उघडल्यावर तारांचा फोटो काढा. फेज स्विचमधून गेली पाहिजे. न्यूट्रल स्विचवर आणि फेज थेट दिव्याला असेल तर दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते. तारेचं सोललेलं टोक टर्मिनलमध्ये पूर्ण बसवा, स्क्रू घट्ट करा आणि तार ओढून बघा. सॉकेट काळं पडतं किंवा वितळतं ते बहुतेक वेळा इथल्या ढिलेपणामुळे, म्हणून ते भाडेकरूच्या माथी मारण्याआधी आतला स्क्रू तपासा. तारेचं आवरण जळलेलं असेल, तार ॲल्युमिनियमची असेल किंवा आर्थिंगची तार तिथे नसेलच, तर झाकण बंद करून वायरमनला बोलवा.

१३. एमसीबी सारखा पडतो. मोठा बसवून घेऊ का?

कधीच नाही. एमसीबी भिंतीतली तार जपण्यासाठी असतो. तांब्याच्या १.५ चौरस मिमी तारेवर साधारण १० अँपिअरचा आणि २.५ वर १६ चा एमसीबी असतो. मोठा घातला की एमसीबी शांत राहतो आणि तार तापते.

त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा आणि एमसीबी चढवा. लगेच पडला तर वायरिंगमध्ये शॉर्ट, वायरमनचं काम. टिकला तर एकेक उपकरण लावत जा. ज्यावर पडेल ते दोषी. काही मिनिटं चालून पडत असेल तर भार जास्त आहे, इस्त्री आणि हीटर एकाच लाइनवर असतील. एमसीबी जागेवर आणि आरसीसीबी (वीज जमिनीत झिरपली की पडणारा स्विच) पडत असेल तर वीज जमिनीत झिरपते आहे: गिझरचं एलिमेंट आणि पावसात भिजणारा बाहेरचा प्लग हे दोन नेहमीचे गुन्हेगार. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाचा जीव वाचवतो. त्यावरचं टेस्टचं बटण दर तीन महिन्यांनी दाबून बघा आणि घर बदलताना तर नक्कीच.

१४. भाडेकरूने भिंतीला भोकं पाडून ठेवलीत. नवी भोकं पाडताना आणि जुनी बुजवताना काय बघायचं?

स्विच किंवा नळाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल करू नका, तिथूनच तार आणि पाइप जातात. ६ मिमीच्या गिट्टीला ६ मिमीचंच बिट, भोक गिट्टीपेक्षा १ सेंटिमीटर खोल, आणि धूळ फुंकून काढायची. धूळ राहिली की गिट्टी फिरते. फरशीवर ड्रिल करताना मास्किंग टेप चिकटवून खूण करा आणि फरशी पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवा.

बुजवताना गिट्टी आधी उपटा. पुट्टी पातळ थरासाठी असते. खोल भोकात एकदम कोंबली तर आक्रसून खळगा पडतो. तळ प्लास्टरने भरा, सुकल्यावर पुट्टीचे दोन हात द्या, १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, प्रायमर लावा. प्रायमर गाळला तर तेवढा ठिपका रंगातून वेगळा चमकतो.

पडदे आणि टीव्हीसाठीच्या पट्ट्या मालकानेच पक्क्या बसवून दिल्या तर निम्मी भोकं पडतच नाहीत.

१५. एका खोलीला रंग किती लागेल?

३ बाय ४ मीटरची, २.८ मीटर उंचीची खोली धरा. भिंतींची लांबी १४ मीटर, क्षेत्र ३९ चौरस मीटर, दार-खिडकीचे ४ वजा केले की ३५. दोन हात म्हणजे ७०. साधारण इमल्शन एका लिटरमध्ये १० ते १२ चौरस मीटरचा एक हात देतं, म्हणजे सात लिटर. छत वेगळं. सगळ्या घरांना एकच फिकट छटा ठेवा, छटेचा क्रमांक लिहून ठेवा आणि धुता येणारा प्रकार घ्या. डाग झाकायला भिंतीच्या मध्येच ठिगळ लावू नका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवा.

१६. दार घासतं. रंधा मारू का?

आधी बिजागऱ्या. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दार खालच्या कोपऱ्यात घासतं. भोक मोठं झालं असेल तर त्यात गोंद लावलेल्या लाकडाच्या काड्या ठोका, सुकल्यावर कापा आणि स्क्रू परत बसवा. बिजागऱ्या घट्ट असूनही घासत असेल तर कडेला खडू लावून दार बंद करा, चौकटीवर खडू उमटेल तेवढीच जागा रंध्याने तासा, एका वेळी एक मिमी. दमट दिवसांत फुगलेलं दार भरपूर तासलं तर कोरड्या दिवसांत फट पडते. तासलेल्या कडेला त्याच दिवशी रंग किंवा पॉलिश द्या, कोरं लाकूड पाणी पितं.

१७. भाडेकरू बदलला की अख्खं कुलूप बदलायचं का?

सिलिंडर (किल्ली जाते तो सुटा गाभा) असेल तर फक्त सिलिंडर. दाराच्या कडेचा लांब स्क्रू काढा, किल्ली किंचित फिरवा म्हणजे मधली जीभ आत बसते, आणि सिलिंडर ओढा. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांचं अंतर वेगवेगळं मोजा (३०-३०, ३५-३५, ३०-४० मिमी). बाहेरच्या बाजूने सिलिंडर दोन-तीन मिमीहून जास्त पुढे येता कामा नये, पकडीत धरून तोडता येतो. कुलूप जड फिरत असेल तर तेल नको, त्यात धूळ बसते; ग्रॅफाइटची पूड घाला.

१८. रात्री भाडेकरूचा फोन येतो, 'घरभर पाणी झालंय.' फोनवर काय सांगायचं?

पाणी बोर्डाला किंवा प्लगना लागलं असेल तर ओल्या हाता-पायांनी काही हात लावू नका, बाहेर पडा. तसं नसेल तर मेन कॉक बंद, गिझरचा स्विच बंद (टाकी रिकामी होताना एलिमेंट जळतं), मग सगळ्यात खालचा नळ उघडून पाइपातलं पाणी सोडा. नंतर फोटो. हे चार टप्पे आणि मेन कॉक कुठे आहे याचा फोटो छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. भाडेकरू राहायला येईल त्या दिवशी त्याच्याकडून कॉक एकदा फिरवूनही घ्या.

१९. भाडेकरूने न विचारता स्वतःच दुरुस्ती करून घेतली आणि पैसे मागतोय. द्यायचे का?

करारात काय लिहिलंय आणि तिथला भाडेकायदा काय म्हणतो, यावर ते ठरतं. म्हणून ते आधीच लिहून ठेवावं. पाणी-वीज पूर्ण बंद पडली आणि मालकाशी संपर्क झाला नाही, तर ठरावीक रकमेपर्यंत भाडेकरूने काम करून पावती, फोटो आणि जुना भाग द्यायचा, असं कलम असलं की वाद मिटतो. काम मात्र जाऊन तपासा. जोडावर लावलेला एमसील आणि गुंडाळलेली चिकटपट्टी म्हणजे दुरुस्ती नव्हे. आत जाण्याआधी लेखी पूर्वसूचना द्या, आपलंच घर असलं तरी.

२०. खालच्या घराच्या छतात ओल आहे, आम्ही प्रश्न ९ मधल्या सगळ्या चाचण्या केल्या, काहीच सापडलं नाही. आता?

चाचणीत न येणाऱ्या जागा उरतात. फरशीवर पाणी साठवलंत तेव्हा भिंती कोरड्याच होत्या. शॉवरचं पाणी मात्र भिंतीच्या सांध्यांवर आणि नळाच्या चकतीमागे जातं. बेसिन काठोकाठ भरल्यावरच ओव्हरफ्लोचा जोड गळतो. वॉशिंग मशीन जोरात पाणी फेकते तेव्हाच तिच्या निचऱ्याच्या तोंडातून पाणी मागे येतं. गिझर तापल्यावर सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात आणि नळी भिंतीत सोडलेली असते. कमोडच्या बुडाचा जोड फक्त फ्लश केल्यावर पाझरतो.

यातली एका वेळी एकच गोष्ट तपासा, पाण्यात रंग घालून. शॉवर भिंतीवर पंधरा मिनिटं सोडा, फरशी शक्य तेवढी कोरडी ठेवा आणि दोन दिवस थांबा. स्लॅबमधून पाणी उतरायला एक-दोन दिवस सहज जातात. घाईने एकाच दिवशी तीन गोष्टी तपासल्यात तर ओल कुठल्या पाण्याची ते कळणार नाही. खालच्या घरी ओलीच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, म्हणजे 'वाढली' आणि 'वाढली नाही' यावर हुज्जत होत नाही.

पाण्याची उतरण सरळ असेलच असं नाही. स्लॅबमधल्या विजेच्या नळीतून ते तीन-चार मीटर सरकून दिव्याच्या होल्डरमधून टपकतं. तसं दिसलं तर खालच्यांना त्या दिव्याचा एमसीबी आधी पाडायला सांगा. घर आठ दिवस पूर्ण बंद ठेवूनही, म्हणजे मेन कॉक बंद आणि वापर शून्य असतानाही, ओल वाढतच राहिली, तर पाणी तुमच्या घरातलं नाही. वरच्या मजल्यांवरून येणारा इमारतीचा उभा सामायिक पाइप बघायला हवा. त्या आठ दिवसांच्या मीटरच्या नोंदी आणि तारखा घातलेले फोटो जोडून इमारतीच्या व्यवस्थापनाला लेखी कळवा आणि पोच घ्या.